दोनशे ग्रॅम चहा

मंगळवारी रक्त देते.
पांढऱ्या पेशी मोजून येतात, मग आठवड्याच्या गोळ्या.
रात्री लाळ गळते, म्हणून उशीवर जुना टॉवेल.
हे आधीच सांगून टाकलं,
म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

चौथा महिना.
इथल्या स्वयंपाकघरात सुऱ्या मोजून देतात,
मोजून परत घेतात. सहा.
परवा पाच भरल्या
आणि आम्ही सगळ्याजणी भिंतीकडे सरकलो,
कुणी न सांगता.
कोथिंबिरीच्या देठांत सापडली.
झुबेदा हसायला लागली ती थांबेचना.
दक्षाबेननी तिला हसू दिलं.

माझे आवाज मराठीत बोलतात.
स्वच्छ, दांडिया बाजारातलं,
वडिलांच्या कचेरीतलं मराठी:
सदरहू हेमलता खानवलकर कोणत्याही कामाची नाही.
गुजराती त्यांना येत नाही.
जन्म बडोद्यात गेला, तरी मेल्यांनी शिकून घेतली नाही.
म्हणून मी हिशेब गुजरातीत करते,
अगियार, बार, तेर,
आणि ते उंबऱ्याशी ताटकळतात
पत्ता चुकलेल्या पाहुण्यांसारखे.

गुरुवारी निरालीबेननी कागद दिला.
एकटीनं जायचं. पूल ओलांडून दुकान.
दोनशे ग्रॅम चहा, आल्याचा तुकडा,
बिल आणायचं, सुटे मोजून घ्यायचे.
पंचेचाळीस मिनिटं.
एकोणीस वर्षांपूर्वी मी बँकेत कॅशियर होते
हे कागदावर नव्हतं.
बरंच झालं.

फाटकाबाहेर चप्पल वेगळी वाजते.

दुकानदारानं पैसे घेतले, गल्ल्यात टाकले,
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
किती वर्षांनी कुणीतरी मला
असं न बघता वागवलं.

येताना विश्वामित्रीच्या पुलावर, कठड्यापाशी,
खाली चिखलात
मगर.
जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली.

शिकवलंय तसं केलं.
पाय जमिनीवर. श्वास. पाच वस्तू बघ.
कठडा.
टेम्पो.
तारेवर अडकलेली पतंगाची शेपटी.
पिशवीतलं आलं.
मगर.

मग पुढची पायरी: दुसऱ्याला विचार.
स्कूटर उभी करून एकजण शेंगा फोडत होता.
मराठीत विचारलं असतं
तर त्याच्या आधी त्यांनीच उत्तर दिलं असतं.
'भाई, त्यां कंई देखाय छे?'
त्यानं टरफल खाली टाकलं.
'हा बेन. मोटो छे. गई काले बे हता.'

मराठीत ती, गुजरातीत तो,
पण होतं. दोन्ही भाषांत होतं.
काल तर दोन होते, मी नसताना.
त्याचं ते वाक्य मी पिशवीत ठेवलं, आल्याशेजारी,
आणि बघत उभी राहिले.
ती हलली नाही. तासभर हलली नसती तरी
आंघोळ केलीस का, गोळी घेतलीस का,
आज कसं वाटतंय एक ते दहामध्ये सांग,
असं तिला कुणी विचारणार नव्हतं.

वीस मिनिटं उशीर.
दक्षाबेननी रजिस्टर उघडलं. 'शुं थयुं?'
'मगर पाहत होते.'

पेन थांबलं.
हे थांबणं मला ओळखीचं आहे.
श्रीपाददादा रविवारी चिवडा घेऊन येतो,
मी काही सांगायला लागले की
त्याचा घास असाच थांबतो,
मग तो घड्याळ बघतो.

दक्षाबेननी पेन खाली ठेवलं.
'केवडो हतो?'

मी हात पसरले. पुरेनात.
झुबेदा म्हणाली, थांब,
आणि तिनं आपला हात माझ्या बोटांना जोडला,
तिच्यापुढे कोपऱ्यातली मुकी मंजुळा उभी राहिली,
कुणी न सांगता.
'हां,' मी म्हटलं, 'शेपटी धरून एवढी.'

सुट्यांत दोन रुपये कमी भरले.
तीनदा मोजले, दोन्ही भाषांत.
अजून लागत नाहीत.