शिडीची वही

ब्रोशरमध्ये छापलं होतं, 'लॉफ्ट'.
नायनांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, म्हणाले,
म्हणजे माळा की गं.
आपण जिथं फाटक्या गाद्या टाकतो,
तुझ्या आईचं पितळी घंगाळ,
लग्नात आलेली बंद घड्याळं.
त्या माळ्याचे एक्केचाळीस लाख?

ताबा गड्ड्याच्या आधी देतो म्हणाला बिल्डर.
गड्डा भरला, पाळणे उतरले, दुकानं उठली,
आम्ही भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत
खोकी बांधून खोक्यांवरच जेवत होतो.
चैत्र सरता सरता किल्ली आली.
लिफ्ट मागनं येईल, म्हणाले.

जिन्यात टाइलींचे तुकडे. नव्या रंगाचा वास.
साडेसोळा फुटांवर छत,
त्याच्याखाली तिघं माणसं
एकमेकांना हळू हाक मारायला शिकतायत,
कारण प्रत्येक हाक दोनदा ऐकू येते.

वर लॉफ्टवर डबल बेड टाकला.
एका रात्रीत कळलं, सोलापूरची सगळी गरम हवा
तिथंच झोपायला येते.
आम्ही गाशा गुंडाळून खाली आलो.
आता वर फाटक्या गाद्या आहेत,
घंगाळ आहे, घड्याळं आहेत.
नायना काही बोलले नाहीत.
हे न बोलणं त्यांना फार छान जमतं.

पहिला दिवा गेला तो ३०४ चा, मशाळकरांचा.
टेबलावर स्टूल, स्टुलावर मशाळकर,
तरी हात पुरेना.
रंगारी विसरून गेलेली बांबूची शिडी
पार्किंगमध्ये पडून होती,
चुन्यानं माखलेली, एक पायरी सुतळीनं बांधलेली.
बत्तीस फ्लॅट, एक शिडी.
पंखे, पडद्यांचे दांडे, जळमटं,
बागवानांच्या छताला जाऊन बसलेलं कबूतर.

सोसायटीची पहिली मीटिंग
चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर बोलावली होती,
घसरली शिडीवर.
"रात्री अकराला शिडी कुणाला लागते बे?"
"अंधारच अकराला झाला की ओ आमच्यात!"
हत्तुरे मास्तर उठले, घरातून दोनशे पानी वही आणली,
पट्टीनं रकाने आखले:
कोण. कशासाठी. परत.
सोसायटीची नोंदणी अजून व्हायचीय,
शिडीची झाली.

आमचा दिवा मे महिन्यात गेला.
नाइट ड्यूटी करून आले
तर शिडी लावलेली,
आणि एकाहत्तर वर्षांचे नायना सगळ्यात वर.
ओरडले नाही. दचकतील.
दोन्ही हातांनी शिडी धरली नुसती.
खालून त्यांचे तळवे दिसत होते.

या जागेवर गिरणी होती.
नायना तिच्यात तेल घालायचे, शाफ्टला,
पाळीत सहा वेळा शिडी चढून.
हे मला माहीत होतं, बुकिंगच्या दिवशीही.
त्यांनीच सही करताना विचारलं होतं,
भोंगा कुठं होता ते नकाशात दिसतं का.

"दिवा लागला, नायना. उतरा."
"शाफ्ट एवढाच उंच होता बघ," ते म्हणाले,
"दोन बोटं कमी."
आणि छताला तळहात लावला,
मग झटकन काढला,
काहीतरी फिरत असल्यासारखा.
"इथं फुई साचायची. उतरायचो तेव्हा
डोकं पांढरं. तुझी आई ओळखायची नाही."
थोड्या वेळानं म्हणाले,
"उंचीचे पैसे नव्हते गं पगारात."

दारात मशाळकर वहिनी, काखेत वही.
झालं का? १०२ ला हवीय.
एका हातानं शिडी धरून
दुसऱ्यानं मी लिहिलं:
वंगारी, ४०१. दिवा.
'परत'च्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.
थांबा जरा, म्हटलं.
अजून वर आहेत.