उटी

पप्पांनी ती मॅटॅडोर घेतली तेव्हा ती एका बेकरीची होती.
शरणपूरच्या आमच्या खोलीपेक्षा दोन फूट लांब आहे, असं आई म्हणायची;
ते कौतुक होतं की टोमणा,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

पावाच्या ट्रेसाठी आत पट्ट्या होत्या,
त्यांवर पप्पांनी फळ्या टाकल्या, फळ्यांवर गादी.
द्वारक्याच्या वेल्डरकडून खिडक्या कापून घेतल्या,
आईच्या निळ्या वॉयलचे पडदे झाले.
वास मात्र गेला नाही.
खारी, वेलची, करपलेला मैदा.
आम्ही बटरांसारखे ओळीने झोपायचो:
मी, शलोमी, मध्ये उशी, मग योना,
कारण योना लाथा मारायचा.

नाताळनंतर तिसऱ्या दिवशी निघायचं.
लांब नाही, गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला,
जिथे डांबर संपायचं आणि पाणी ओसरलेल्या जमिनीत
कुणीतरी हरभरा पेरलेला असायचा.
पप्पा हवा, पाणी, ऑइल असं तपासायचे
की वाटावं काश्मीरला चाललोय.

हँडब्रेक धरत नसे.
एसटीच्या वर्कशॉपमध्ये लाकडी उट्या पडलेल्या असत,
पण सरकारी वस्तू घरी आणायची नाही.
म्हणून दोन दगड.
नाशकात दगडाला काय तोटा?
तरी हेच दोन लागायचे,
जाताना न्यायचे, येताना परत आणायचे,
आईच्या पायाशी, पोत्यात गुंडाळून.

तीन हात रंग देऊनही गाडीच्या कुशीवर
उन्हात अक्षरं वर यायची: ताजे टोस्ट.
ती वाचून वाडीवरची पोरं पळत आली.
नाही रे, आमच्याकडे काही नाही, आई म्हणत राहिली.
एक मुलगी गेली नाही.
फ्रॉकच्या ओच्यात ओला हरभरा घेऊन
ती संध्याकाळपर्यंत उभी.
पैसे नव्हते म्हणून तिनं हरभरा आणला होता.
पुढच्या वर्षी आईनं दोन डबे टोस्ट घेतले,
आणि पप्पांना म्हणाली, आता दुकानच टाका.

रात्री स्टोव्ह विझला की थंडी पत्र्यातून आत यायची.
अंजनेरी होती तिथे नुसता जास्त काळा अंधार.
अब्राहामसुद्धा तंबूतच राहायचा, पप्पा म्हणायचे.
सारेला विचारलं होतं का कुणी, आई म्हणायची,
आणि पांघरूण ओढून घ्यायची. दोघांवर.

मग कधीतरी मध्यरात्री
पप्पा उठून गाडीभोवती फिरायचे.
बुटाच्या टोकानं एक उटी, टक.
पलीकडून दुसरी, टक.
त्या दोन आवाजांच्या मधे
मी श्वास धरून असायची. मधल्या वेळात गाडी
पाण्याकडे निघेल असं वाटायचं,
आणि खरं सांगायचं तर थोडंसं
निघावी असंही.

फोटो एकही नाही.
कॅमेरा होता, रीळ नव्हतं; पप्पा नुसतं बटण दाबायचे,
आणि आम्ही दात दाखवून उभे.
हे आम्हाला फार उशिरा कळलं.
योना म्हणतो गाडी हिरवी होती.
शलोमीला ती बेकरीचीच आठवत नाही.
भंगारवाल्यानं वजन केलं तेव्हा दगड बाजूला काढले.
एक माझ्याकडे, गच्चीचं दार आपटू नये म्हणून.
दुसऱ्याचं कुणी काही बोलत नाही.

परवा मुलाला घेऊन तिकडे गेले.
कुंपण आहे. पांढरे तंबू, प्रत्येकाला एसी,
बाहेर लाकडी पाटीवर रात्रीचा दर.
बुकिंग आहे का, वॉचमननं विचारलं.
म्हटलं, नाही, मी लहानपणी इथे झोपायची.
तो नीट हसला, माणूस चांगला होता.
तेव्हा इथं काय होतं, मॅडम?

मुलगा माझ्याकडे बघत होता.
बेकरी, मी म्हणाले.