रिकाम्या काट्यावर तीनशे ग्रॅम

रिकाम्या काट्यावर तीनशे ग्रॅम.
पोतं नाही, भुकटी नाही, कुणाचा हात नाही,
तरी लाल आकडे थरथरत म्हणतात : आहे.

युरुग्वेच्या दक्षिणेला, गायींच्या मुलुखात
दुधाची भुकटी करणारा आमचा कारखाना.
गेल्या हिवाळ्यात सुकवणीच्या पंख्याला नवा ड्राइव्ह बसवला.
वीज वाचणार, म्हणून मालकांनी अंगणात कोकरू भाजलं.
त्याच आठवड्यापासून
नेलिदा अरोस्तेगीची पोती हलकी निघू लागली.

सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं,
पंचवीस किलोत तीनशे ग्रॅम कमी.
पाळीप्रमुख म्हणाला, काटा नवा आहे, महागाचा आहे,
काटा कशाला खोटं बोलेल?
मग उरलं कोण?
एकवीस वर्षं पोत्यांची तोंडं शिवणारी बाई.
पगार कापला. ती काही बोलली नाही,
फक्त सुई दोऱ्यात ओवायला
त्या दिवशी तिला फार वेळ लागला.

मग वाल्किरिया बेंतांकोरला बोलावलं.
निवृत्त वायरमन, गुडघे दुखरे,
एका काखेत माटेचा थर्मास, दुसऱ्या हातात खिशात मावेल एवढा रेडिओ.
मीटरला तिनं हातही लावला नाही.
रविवारचा फुटबॉल सामना लावला
आणि केबलच्या ट्रेखालून चालत सुटली.
मी शिडी घेऊन मागे.

पंखा मंद होता तोवर समालोचक ओरडत होता.
पंख्यानं वेग घेतला
आणि गोल झाला की हुकला, कुणाला कळलंच नाही,
नुसतं घर्रर्र, जणू रेडिओत गांधीलमाशी शिरली.
काट्यावर तेव्हाच आकडे बरळत होते.

झाकण काढलं.
मनगटाएवढी मोटरची केबल
आणि तिला चिकटून, चाळीस मीटर, एकाच अंथरुणावर
काट्याची बारीक तार.
ही सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी,
ती दोन मिलिव्होल्टमध्ये कुजबुजणारी.
शेजारी ढोल वाजत असताना
कुणी कानात हिशेब सांगावा, तसं.

पॅनेलपाशी तारेची जाळी पिळून
वीतभर लांब वेणी घातलेली, टोकाला स्क्रू.
वाल्किरियानं ती बोटांवर घेतली.
"किती निगुतीनं घातलीय," म्हणाली,
"आणि कशी बिनकामाची.
एवढ्या वेगाच्या लाटेला वीतभर तारसुद्धा लांबचा रस्ता.
ती कशाला जाईल वळसा घेऊन?"

ती वेणी माझी होती.
शिकाऊ म्हणून पहिल्याच महिन्यात घातलेली,
आरशात पाहावी तशी तिच्याकडे पाहून
मी खूश झाले होते.
हे मी शिडीवरून सांगितलं, खाली न बघता.
वाल्किरियानं माटेचा एक घोट घेतला.
"मग काप," म्हणाली.

कापली.
जाळी सगळ्या बाजूंनी उघडी केली, क्लॅम्पमध्ये गोल आवळली.
पॅनेलच्या पाठीवरचा करडा रंग खरवडला,
खालचं लोखंड चकचकीत लागेपर्यंत.
तारेला वेगळा ट्रे, हातभर दूर;
मोटरची केबल ओलांडायचीच झाली
तर काटकोनात, न रेंगाळता.
ट्रेमधून तीन दिवस
रंगाची धूळ आणि जुन्या उंदरांची लेंडकं खाली पडत राहिली.

चौथ्या दिवशी पंखा पूर्ण वेगात.
शून्य.
रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं, स्पष्ट.

कापलेला पगार परत आला, पाकिटात, चिठ्ठीशिवाय.
पाळीप्रमुख दोन आठवडे दुसऱ्या दारानं ये-जा करत होता.

नेलिदाकडे मी गेले.
वेणीचं सांगितलं. ती ऐकत राहिली,
मग पाच किलोचं पितळी वजन उचलून काट्यावर ठेवलं.
पाच. शून्य, शून्य, शून्य.
काढलं. पुन्हा ठेवलं.
"ठीक आहे," म्हणाली. मला की काट्याला, ठाऊक नाही.

अजूनही प्रत्येक पोत्याआधी
ती ते वजन ठेवून बघते.
आणि मी कुठलीही जाळी आवळताना
एक केस बाहेर राहिला तरी
पुन्हा सोडते.