मठार

तांबट आळीत चाळीस वर्षं मी
बंब ठोकले, हंडे, घंगाळं, कळश्या.
पुण्यात कुणाकुणाच्या मोरीत अजून
माझ्या हातच्या बंबात पाणी तापत असेल.
मला आता दिवसाला सातशे मिली.
गोळ्यांच्या घोटासकट, वरणातलं धरून.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेपाचला रिक्षा, रास्ता पेठ,
दुसरा मजला, खाट नंबर चार.
आधी काटा.
"काका, दोन किलो नऊशे!"
रेहाना सिस्टर ओरडते
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकावर ओरडावं तशी.
"लोणचं खाल्लंत ना?"
मी छताचा पंखा बघतो.

अकरा वर्षं झाली.
डाव्या हातावर फिस्टुलाचे फुगे,
त्यांवर सुयांच्या खुणा, खड्ड्याला लागून खड्डा.
रिक्षावाल्यानं विचारलं तर म्हटलं, मठारकाम आहे,
ठोका जरा चुकलाय.
आत शीर घरघरते,
लांब कुठेतरी भाता चालू असल्यासारखी.
अनसूया होती तेव्हा रात्री कान लावायची.
चालू आहे, म्हणायची, झोपा.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला,
रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसलंय.
हे मला लगेच कळलं.
जुना बंब उघडला की आत असतो तोच थर,
पांढरा, चिवट.
बंबाला चिंच लावता येते.

तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा येतो,
प्रेशर उतरतं, पाय वर, डोकं खाली,
भिंतीवरचं घड्याळ पाण्यात पडल्यासारखं दिसतं.
हे चालायचंच.
पण बोटं गेली.
आधी अंगठा, मग शेजारची दोन.
इतक्या वर्षांनी मनगटात काहीतरी साचतं म्हणे,
मशीनला जे नीट गाळता येत नाही.

पाच नंबरचे ओव्हाळ मास्तर
नातीच्या बारशाला दोन शहाळी प्यायले.
गुरुवारी खाटेवर नवी चादर होती.
कुणी काही बोललं नाही.
रेहानानं त्या दिवशी माझं वजन हळू सांगितलं.

दिवाळीनंतर मी एक पेला ठोकला,
शंभर मिलीचा.
हातोडी मुठीत आहे की सुटली
ते आवाजावरून ओळखत.
कड एका अंगाला बसली.
पुतण्या म्हणाला, द्या, सरळ करतो.
नको म्हटलं.

दिवसाला सात पेले.
आजचे सहा झाले.
सातवा झाकून ठेवलाय उशाशी.
रात्री अडीचला मुंग्या येऊन जाग येते,
तेव्हा लागतो.