वीस तास पुढे

सोमवारी वर्लन भाड्याच्या पावत्या लावतो.
टाचण्या गंजलेल्या, कागद ओलसर,
पाचशे पांगा कुठे गेले ते कुणालाच आठवत नाही.
मी पोरांच्या खोल्या तपासायला निघते.
पोरं म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचे प्रचारक,
छातीवर काळी नावपट्टी,
मोरीत तीन दिवसांची पातेली.
गाद्या उन्हात टाका, म्हणते,
पायाची जखम दाखव,
आईला लिहिलंस का?
एकाने खाटेखाली डुकराचं पिल्लू लपवलं होतं.
ते मी अहवालात लिहिलं नाही.

मंगळवारी चर्चच्या ओसरीवर पियानो शिकवते.
पियानो म्हणजे बॅटरीवरचा कीबोर्ड.
खाऱ्या वाऱ्याने त्याची मधली एक पट्टी मुकी केलीय.
सितालेकी तिथे पोचला की बोट ठेवतो
आणि तो सूर तोंडाने म्हणतो,
बिनचूक.
आता सगळ्याच मुलांना वाटतं
पियानो असाच वाजवायचा असतो.

बुधवारी बोट. आली तर.
चाळीस वर्षं आयडाहोत बटाटे पिकवलेला माझा नवरा
पांगाईच्या दुकानात
चार सुरकुतलेले बटाटे ओंजळीत घेऊन उभा राहतो,
ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये तसा.
मग ते परत ठेवतो,
रताळी घेतो,
आणि घरी येईपर्यंत काही बोलत नाही.

आमचं घड्याळ तिकडच्यापेक्षा वीस तास पुढे.
नातवाचा वाढदिवस आम्ही आदल्या दिवशीच करतो,
दोघंच, बिस्किटावर मेणबत्ती लावून.
धाकट्या बहिणीला, डेल्फाला, याची फार गंमत वाटायची.
फोनवर विचारायची,
आर्डिस, उद्या कसा आहे गं?
मी सांगायची, दमट आहे, पण चांगला आहे.
ये खुशाल.

मग त्या शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, तिच्या मुलाचा फोन आला.
तिकडे गुरुवारची संध्याकाळ होती, बर्फ पडत होतं.
तिचा शेवटचा गुरुवार
मी कालच वापरून टाकला होता:
पडद्याला धावदोरा,
एका पोराच्या कानात थेंब,
जेवणानंतर अर्धा तास झोप.
काही विशेष नाही.
मला कुणी सांगितलं असतं
तर थोडा शिल्लक ठेवला असता.

जाऊया का, वर्लन म्हणाला.
लहान विमान शनिवारी भरलेलं,
रविवारी इथे आकाशही सुट्टीवर,
आणि सोमवारी तिकडे माती दिली जाणार.
आम्ही दोघांनी बोटांवर तास मोजले,
पुन्हा मोजले.
मग त्याने किटली चढवली.

अंधार पडायच्या आत मेलेनाइते आली,
मागून सात-आठ बायका, काळ्या कपड्यांत.
मी उठून खुर्च्या मांडू लागले
तर तिने मला खांद्याला धरून उभं केलं
आणि माझ्या कमरेला चटई गुंडाळली.
ताओवाला. मोठी, विरलेली,
कडा कुरतडल्यासारख्या,
तिच्या आईच्या वेळची.
माणूस जवळचं, म्हणून चटई अशी.
काथ्याच्या दोरीने घट्ट बांधताना
ती एवढंच म्हणाली, श्वास सोड.

रविवारच्या धड्याचं माझं टिपण टेबलावर होतं.
विषय: शोकात असलेल्यांजवळ बसणे.
मुद्दे तीन, तिसऱ्याखाली रेघ.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
भिंतीला टेकून बसल्या,
गायल्या,
कुणीतरी रताळी सोलली,
पहाटे एक जण चक्क घोरली
आणि त्या घोरण्यावर मला पहिल्यांदा रडू आलं.
वर्लन बाहेर पायरीवर,
त्यांच्या नवऱ्यांबरोबर,
मोडक्या टोंगन भाषेत
बर्फ म्हणजे काय ते सांगत होता.

रविवारी टिपण घरीच राहिलं.

सोमवारी मी चटई बांधूनच
पोरांच्या खोल्या तपासल्या.
पातेली घासलेली होती, मला पाहून त्यांनी नजर खाली घातली.
त्या चटईत वाकता येत नाही,
तेव्हा खाटेखाली काय होतं
ते देव जाणे.
काहीतरी हळूच चीत्कारलं.
मी म्हणाले, सगळं ठीक आहे,
आणि वहीत तसंच लिहिलं.