मनावर घे

दाजी म्हणाले, मनावर घे.
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास माझ्या हातात देऊन,
स्वतःच्या मिशीवरचा फेस पुसत.
"मी तंबाखू सोडली. एका दिवसात. मनावर घेतलं, बास."

घेतलं की, दाजी.
अंबाबाईच्या उंबऱ्यावर घेतलं,
धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलं,
एकदा तर उद्यमनगरच्या स्टॉपवर
पगाराचं पाकीट मुठीत धरून, कुणी बघत नसताना घेतलं.
ते तेवीस दिवस टिकलं.
चोविसाव्या दिवशी काहीच झालं नव्हतं.
कुणी मेलं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं.
नुसती संध्याकाळ झाली होती.

खरं, ज्याच्यावर घ्यायचं ते मनच
महिनाभर अंथरुणातनं उठलं नव्हतं,
हे कुणाला सांगू?
आंघोळीचं पाणी तापून निवायचं.
वैजयंता परत तापवायची. परत निवायचं.
रविवारचं मटण पुढ्यात, आणि जिभेला
ओल्या पुठ्ठ्याची चव.
लोक म्हणायचे, दुःख विसरायला पितोय.
दुःख असतं तर रडलो नसतो का?

मी फाउंड्रीतला माणूस. एकोणीस वर्षं मोल्डिंगवर.
लोखंडासारखा निर्धार म्हणतात तेव्हा हसू येतं.
लोखंड मी बघितलंय, दाजी.
वरनं गुळगुळीत, आत ब्लो-होल.
साच्यातल्या वाफेला वाट ठेवली नाही की
ती आतच घर करते.
दिसत नाही. हातोडीनं ठोकलं तर आवाज बद्द येतो.
त्या कास्टिंगला कुणी म्हणत नाही, मनावर घे.
परत भट्टीत घालतात.
आणि भट्टी तरी एकटी पेटते होय?
कोळसा लागतो, चुनखडी लागते, ब्लोअरचा वारा,
रात्रपाळीला जागणारी दोन माणसं.

सीपीआरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप लागते का?
सात वर्षं बाकी सगळे विचारत होते, सोडणार कधी.
गोळ्या दिल्या.
त्या मी डब्याच्या पिशवीत, चपात्यांच्या खाली लपवायचो,
पूर्वी क्वार्टर लपवायचो तसा.

सोमवारी, गुरुवारी आम्ही शाळेच्या वर्गात बसतो,
पाचवीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून.
फळ्यावर पोरांचे अपूर्णांक तसेच.
तिथला मुश्ताक बागवान, केळ्यांची गाडी, सहा वर्षं कोरडा,
सात ते आठ माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो.
फार बोलत नाही.
"एवढा तास, भावा."
गिऱ्हाईक सोडून येतो.

इच्छाशक्ती नव्हती असं नाही, दाजी.
होती, मोजून एवढी:
त्याला एक मिस कॉल देण्यापुरती.
काल तीही नव्हती.
वैजयंतानं दिला.

दूध संपवा तुमचं.
उद्या सातला येता का?
काही सांगायला नको.
नुसतं उभं राहायला.