जिन्यातला कठडा

नेत्रावती हिरेकुडी आली तेव्हा काखेत
तपकिरी कागदाची गुंडाळी, लाल दोऱ्याचं रीळ
आणि शर्यतीला लावतात तसलं घड्याळ.
म्हणाली, मला दोन आठवडे फाईल व्हायचंय.
बाळू कडोलकर हसला :
"व्हा की. खरं धूळ खायची तयारी हाय न्हवं?"

मग ती चालली.
चार नंबर वॉर्डात डिस्चार्जचा शिक्का पडतो तिथून
माझ्या रेकॉर्ड रूमचं दार हाकेच्या अंतरावर,
आणि फाईल चालते अकराशे चाळीस पावलं.
बिलिंग. विमा. परत वॉर्ड, एक सही राहिली.
डॉक्टरांचं टेबल, जेवणाच्या डब्याखाली.
परत विमा, आता दुसरीच सही.
पोचायला नऊ दिवस.
कागदावर दोरा असा गुंतला
जसा कुणी स्वेटर विणायला घ्यावा
आणि बाहीपाशी रुसून टाकून द्यावा.

शिव्या मात्र तळघराला.
"रेकॉर्डवाले झोपा काढतात" हे वीस वर्षं ऐकतेय,
मराठीत, कन्नडमध्ये,
आणि बेळगाव बंदच्या दिवशी, कुठली भाषा बोलावी
ते कुणालाच कळेना तेव्हा, खुणेनंही.

तिसऱ्या दिवशी तिला कठडा सापडला.
जिन्याच्या वळणावर, खिडकीखाली.
लिफ्ट बिघडली त्या वर्षापासून
खालचे तिथं फायली ठेवतात, वरचे नेतील म्हणून.
वरचे ठेवतात, खालचे नेतील म्हणून.
कुठल्याच तक्त्यात हा कठडा नाही,
आणि नऊपैकी चार दिवस त्याचे.
एका केसपेपरवर कबुतराचीही नोंद होती,
पांढरी, सहीसारखी.

शिवूबाई कल्लाप्पा मुतगेकर.
शिवव्वा मुतगी.
एस. के. मुतगेकर.
तीन फायली, एक बाई, एकच दमा.
खिडकीवर जो बसेल त्याच्या तोंडात बसेल ते नाव.
पेनिसिलीन सोसत नाही
हे लाल शाईत फक्त शिवव्वाच्या पानावर,
शिवूबाईच्या फाईलीला त्याचा पत्ता नाही.
मार्चमधल्या एका रात्री सिरिंज भरलेली होती.
सिस्टरनं सहज विचारलं
आणि म्हातारी दंड चोळत म्हणाली,
"मागं अंगभर उठलं हुतं गं बाई."
हे नकाशात कसं काढू, नेत्रावतीनं विचारलं.
मी म्हटलं, लिही :
नशीब. पाच सेकंद.

आता कठड्यावर सुतारानं उतरती फळी मारलीय,
काही ठेवलं की घसरून पायावर पडतं.
दोनला ढकलगाडी, पाचला ढकलगाडी.
नावाआधी गाव विचारतो, मग आईचं नाव.
मुतगा, सुळगा, हलगा, येळ्ळूर,
नाव कसंही लिहा,
माणूस आपल्या गावाला ओ देतो.
नऊचे तीन दिवस झाले.
तीनच्या खाली येत नाहीत,
डबा अजून तिथंच आहे.

जाताना तिनं विचारलं, काही राहिलं का?
बाळू म्हणाला, "खालचा कप्पा."
जे गेले त्यांच्या फायली तो आतल्या रॅकवर नेत नाही.
दाराजवळ ठेवतो, हाताशी.
दिवस घातले की माणसं येतात,
दाखल्याला, विम्याला,
एकजण आला होता नुसतं शेवटचं पान बघायला.
त्यांना आत शिडीखाली
ताटकळत ठेवणं त्याला जमत नाही.
"कुणी सांगितलं असं करायला?"
"कुणी न्हाई."
"किती दिवस ठेवता?"
"येतील तवर."

तिनं चौकोन काढला.
वेळेच्या रकान्यावर पेन थांबलं.
मग बारीक अक्षरात कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं
आणि दोरा दातानं तोडला.
बाळूला कन्नड वाचता येत नाही.
मला विचारलं, काय लिवलंय?
म्हटलं, तुझंच आहे की.